ती खरूज नव्हती

पोळ्याच्या आदल्या दिवशी खनिज मिश्रणाची पोती आमच्या दारात उतरली. जबाबदार: योजनेचे पर्यवेक्षक.

दसऱ्याच्या आठवड्यात, गावात सोयाबीनची मळणी चालू असताना, तपासणीपूर्वी शेडच्या भिंतींना चुना मारावा असा लेखी आदेश आला. जबाबदार: योजनेचे तालुका अधिकारी.

दिवाळीचा फराळ संपत आला तेव्हा पिलांच्या अंगावर खपल्या धरल्या. ‘ही खरूज आहे, मिश्रण दुप्पट करा, मका वाढवा’ असा सल्ला मिळाला. जबाबदार: तेच अधिकारी.

प्रजासत्ताक दिनाच्या ग्रामसभेत भोंग्यावरून अहवाल वाचला गेला: ‘लाभार्थीच्या अस्वच्छतेमुळे व निष्काळजीपणामुळे डुकरांना खरूज झाली आहे.’ जबाबदार: वाचण्यापुरते ग्रामसेवक, लिहिण्याबद्दल पुन्हा तेच अधिकारी.

आणि येत्या महाराष्ट्र दिनाच्या ग्रामसभेत याच अहवालाच्या आधारे आमच्या शेडला ग्रामपंचायतीने दिलेली नाहरकत काढून घेण्याचा विषय मांडला जाणार आहे. नाहरकत गेली की शेड बंद.

आकड्यांतल्या तारखा माझ्या अर्जांत आहेत. इथे सणवार लिहिले, कारण घर सणावारांनी लक्षात ठेवते. अहवालात जिला नुसते ‘लाभार्थी’ म्हटले आहे ती माझी सून आहे. डुकरे तिची, शेड तिची, आणि ‘निष्काळजी’ हा शब्दही आता सरकारदरबारी तिच्या नावासमोर कायमचा बसला आहे. मला भांडायचे आहे ते त्या शब्दाशी.

मी कोण, हे थोडक्यात सांगतो. तालुक्याच्या न्यायालयात मी बेलिफ होतो. बेलिफ म्हणजे समन्स आणि नोटिसा घेऊन लोकांच्या दारात जाणारा माणूस. कुरुंद्याच्या बाजूची, वसमतच्या पलीकडची गावे मी सायकलने, नंतर मोटारसायकलने पालथी घातली. मला पाहून पुढच्या दाराने घरात आणि मागच्या दाराने शेतात पळणारी माणसे मी पाहिली; ‘ते गावाला गेलेत’ असे सांगणाऱ्या बाईच्या मागे खाटेखाली दिसणारे पायही पाहिले. नोटीस घ्यायची नसेल तर ती दारावर डकवायची, दोन पंचांच्या सह्या घ्यायच्या आणि परत यायचे. कागद मिळाला की माणसाला उत्तर द्यावेच लागते, या एका समजुतीवर माझी सारी नोकरी उभी होती. निवृत्त झाल्यावर कळले की हा नियम फक्त खाटेखाली लपणाऱ्यांना लागू आहे, खुर्चीत बसणाऱ्यांना नाही.

डुकरे पाळण्याचा विचार सुनेचा. ती शेतकी शिकलेली. मुलगा पुण्याकडे कंपनीत आहे; तीही तिकडे गेली असती तर कोणी काही म्हटले नसते. पण तिने इथेच राहून वराहपालनाच्या योजनेत अर्ज केला. आमच्या घरी म्हैस होती, बकऱ्या होत्या, कोंबड्या येऊन-जाऊन होत्या. डुकरे कधी नव्हती. माझ्या पत्नीने सुरुवातीला तोंड फिरवले. “म्हशीवाली म्हणलं असतं लोकांनी तर ऐकून घेतलं असतं,” ती म्हणाली, “आता डुकरंवाली म्हणतील, ते कसं ऐकू?” सून शांतपणे म्हणाली, “आत्या, म्हशीला विचारलं का कुणी कधी, की तिला म्हैस म्हटल्याचं वाईट वाटतं का?” त्यावर पत्नीला हसू आले आणि तिथेच परवानगी झाली.

गाव मात्र हसले ते वेगळ्या कारणाने. पारावरचा एक जण मला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाला, “कोर्टवाल्याची सून डुकरं राखून राहिली, आता डुकरायलाबी समन्स बजावा म्हणावं.” मी थांबलो नाही. माणूस आपल्या कष्टाने काय राखतो, यावरून त्याची किंमत ठरवण्याची या गावाची खोड माझ्या वडिलांच्या आधीपासूनची आहे. तिच्यावर मी आता कागद खर्च करत नाही.

शेड गावाबाहेर, ओढ्याच्या अलीकडे बांधले. पांढरी, संकरित जातीची, नुकतीच आईपासून तोडलेली पिले आली. रस्त्याकडे एक कप्पा, ओढ्याकडे एक. रस्त्याकडच्या कप्प्याला सिमेंटची फरशी आणि गिलाव्याच्या भिंती झाल्या. ओढ्याकडच्या कप्प्याचे गिलाव्याचे काम राहून गेले. तिथे जमीन मुरुमाची आणि भिंती उघड्या विटांच्या राहिल्या. आमची ही अपुरी राहिलेली बाजूच पुढे आमच्या उपयोगी पडणार होती, हे तेव्हा कोणाला माहीत?

पिलांच्या मागोमाग पोती आली. पर्यवेक्षक हा तरुण, बोलका गडी. टेम्पोतून उडी मारून उतरला आणि “सही करा काका” म्हणाला. मी आधी वाचतो, मग सही करतो. पोत्यावर मोठ्या कासेची म्हैस छापलेली होती आणि तिच्या खाली लिहिले होते की हे मिश्रण दुभत्या गाई-म्हशींसाठी आहे.

“हे म्हशीचं आहे,” मी म्हणालो.

“चित्र हाय ते, काका.”

“चित्राखाली मजकूर आहे.”

“मजकुराचं काय घेऊन बसलात! मिनरल म्हणजे मिनरल. म्हशीच्या पोटात गेलं काय अन् डुकराच्या पोटात गेलं काय, शेवटी हाडालाच लागतंय. वरून हेच आलंय. सगळ्याइला हेच देऊन राहिलो.”

सून पुढे झाली. म्हणाली, “दादा, म्हशीला दुधासाठी कॅल्शियम लागतं, म्हणून यात ते भरपूर घातलेलं असतं. ही पिलं काय दूध देणार आहेत का?”

“ताई, तुमी शिकलेल्या हायेत, बराबर हाय,” तो म्हणाला, “पण न्हाई दिलं तर तपासणीत लिहितील की पुरवठा वापरला न्हाई. मग तकलीफ तुमालाच.”

मी सहीखाली ‘दुभत्या जनावरांचे मिश्रण प्राप्त, हरकत नोंदवून’ असे लिहिले. तो हसला आणि म्हणाला, “काका, लिहा, लिहा. जागा उरली तर म्हशीचा अंगठाबी घ्या.” पोती उतरवून टेम्पो गेला. हरकत मी पहिल्याच दिवशी घेतली होती, हे इथे ठळकपणे नोंदवतो. ‘आधी का सांगितले नाही’ असे विचारायची सोय मी कोणाला ठेवलेली नाही.

आदेश होता म्हणून आम्ही मिश्रण दिले. सून भरडा करायची: मका, थोडा तांदळाचा कोंडा, सोयाबीनची पेंड, त्यात सांगितलेल्या मापाने ती भुकटी. माप मी स्वतः धरत असे. माप शिगोशीग नसावे, सपाट असावे असे पत्रकात लिहिले होते, म्हणून मी बोटाने सपाट करत असे. पत्नी म्हणायची, “सोनाराच्या दुकानातबी इतकं न्हाई बघत.” पहिले काही आठवडे पिले बरी वाढली. संध्याकाळी मी ओढ्याकडे फिरायला जात असे आणि परतताना कप्प्यांपाशी थांबत असे. डुकराचे पिलू माणसाला ओळखते हे मला म्हातारपणी कळले. माझ्या काठीचा आवाज आला की ती सोंडा वर करून फळीपाशी गोळा होत.

मग दसऱ्याच्या आठवड्यातला तो आदेश. तपासणी आहे, भिंतींना चुना मारावा, परिसर शुभ्र दिसावा, मोबाइलवर ठिकाणासकट फोटो काढून वर पाठवायचे आहेत. आमच्याकडे कोणत्याही साहेबाच्या येण्याआधी चुना मारायची पद्धत आहे. शाळा, चावडी, दवाखाना, पाण्याची टाकी, रस्त्याकडेचे दगडसुद्धा. साहेब येणार म्हटले की गावाच्या अंगावर पांढरे चढते. आत काय आहे ते कोणी पाहत नाही. आम्हीही मारला, पण फक्त रस्त्याकडच्या कप्प्याला. ओढ्याकडे अधिकारी जाणार नाहीत हे आम्हाला ठाऊक होते. तिकडे चिखल असतो आणि त्यांचे बूट पांढरे असतात. तपासणी झाली, फोटो झाले. पंधरवड्याने पुन्हा तपासणी, पुन्हा चुना. मग जिल्ह्याचे कोणी येणार म्हणून पुन्हा चुना; ते आलेच नाहीत, पण चुना मात्र सुकून बसला.

दिवाळीनंतर रस्त्याकडच्या पिलांच्या पायांवर आणि पोटाखाली आधी लाल ठिपके दिसले, मग खपल्या, मग त्या खपल्यांना भेगा. दोन्ही बाजूंना सारख्याच, जणू कोणी कागद दुमडून शाई उमटवावी. अंगाची कातडी जाड, कोरडी, काळपट झाली. वाढ थांबली. खाणे कमी झाले. पिले सारखी भिंतीपाशी उभी राहत. बाजाराच्या दिवशी एक व्यापारी सहज म्हणून आत डोकावला आणि म्हणाला, “ही डुकरं न्हाईत बाई, बाभळीच्या साली हायेत. पाय फुटलेत एवढंच.” सुनेचा चेहरा मला दिसला नाही, कारण तिने तो लगेच पाण्याच्या टाकीकडे वळवला.

अधिकारी आले. फळीपासून हातभर लांब उभे राहून त्यांनी पाहिले. रुमाल नाकाला होता. “खरूज,” ते म्हणाले. “बघा, कशी भिंतीला अंग घासून राहिलीत. अस्वच्छता. इंजेक्शन देऊ. आणि ताकद कमी दिसते. मिनरल दुप्पट करा. मका वाढवा, पोटभर मका. पोट भरलं की वाढतं.”

सून म्हणाली, “सर, वाढीला नुसता मका पुरत नाही. मका म्हणजे चुलीतलं सरपण. सरपण वाढवून भाकरी मोठी होत नाही, पीठ लागतं.”

ते माझ्याकडे वळून म्हणाले, “आजोबा, सूनबाईंना सांगा, पुस्तकातलं वेगळं असतं, फील्डवरचं वेगळं.” फील्डवर ते उभे होते म्हणावे, तर बूट अजून पांढरेच होते.

इंजेक्शने झाली, पुन्हा झाली. मिश्रण दुप्पट झाले. त्यांनी ते लेखी दिले, मी सपाट माप दोनदा घालू लागलो. मका वाढला. पिले अधिक वाळली, अधिक फाटली. मका खाऊन पोटाला फुगार येई आणि पाठीचा कणा वर दिसे. रस्त्यावरून जाणारा प्रत्येक जण थांबून पाहत असे. शेड रस्त्याकडे असण्याचा हा फायदा.

त्याच दिवसांत सून गिरणीवर दळण घेऊन गेली आणि दळण न करताच परत आली. डबा तसाच ओट्यावर ठेवला. पत्नीने विचारले, तर म्हणाली, “गर्दी होती.” गिरणीवर गर्दी असली तर माणूस डबा ठेवून येतो, उचलून आणत नाही. नंतर शेजारणीकडून कळले. तिथे एक बाई सर्वांदेखत म्हणाली होती, “बाई, तुमच्या डुकराची खरूज आमच्या लेकरायला लागंल. दळण दुसऱ्या टायमाला आणत जा.” आणि बाकीच्या बायकांनी आपापले डबे थोडे बाजूला सरकवले. या ‘थोडे बाजूला सरकवण्याचा’ अर्थ आमच्या घराला कोणी समजावून सांगायची गरज नाही. माझ्या लहानपणी विहिरीवर घागरी अशाच सरकत. मला वाटले होते ते संपले.

त्या संध्याकाळी मी अर्ज लिहायला बसलो. पत्नी म्हणाली, “काहून इतकं लिहून राहिले? कागद संपतील, ते न्हाई संपायचे.” मी म्हणालो, “त्या बाईला कोणी सांगितलं की ही खरूज आहे? अधिकाऱ्याने सांगितलं. मग उत्तर अधिकाऱ्यानेच दिलं पाहिजे.” सून आतून बाहेर आली. म्हणाली, “मामा, उत्तर नंतर मागू. आधी ही खरूज आहे का ते बघू. माझ्यासंगं चला.”

शेडमध्ये आम्ही दोघे बादल्या पालथ्या घालून बसलो. ऊन अजून होते. ती नुसती पाहत राहिली. मग म्हणाली, “मामा, खरूज झालेलं जनावर काय करतं?”

“खाजवतं. अंग घासतं.”

“ही काय करून राहिलीत?”

मी पाहिले. पिले भिंतीला चिकटून उभी होती खरी. पण अंग कोणीच घासत नव्हते. त्यांच्या सोंडा भिंतीला लागलेल्या होत्या. ती भिंत चाटत होती. खालचा हातभर भाग चाटून चाटून विटकरी झाला होता आणि त्याच्या वर आमचा तिबार शुभ्र चुना लकाकत होता. मी इतक्या वेळा तिथे उभा राहिलो होतो. भिंतीपाशी पिले आहेत एवढेच मी पाहिले. अधिकारी लांबून पाहून गेले. त्यांनी घासणे पाहिले, कारण खरूज लिहायला घासणे लागते.

“आता मागच्या कप्प्यात चला,” ती म्हणाली. ओढ्याकडच्या कप्प्यात भुकटी तीच होती, मकाही तोच. चुना मात्र नव्हता, आणि पायाखाली मुरूम होता. तिथल्या पिलांनाही थोड्या खपल्या होत्या. पण पायांवरच, पातळ. एक-दोघांना तर जवळजवळ काहीच नाही. एकाच आईची पिले दोन्हीकडे वाटलेली होती. मध्ये फक्त एक भिंत.

मग तिने मला समजावले ते मी माझ्या भाषेत लिहितो. चूक असेल तर माझी. मक्यात आणि सोयाबीनच्या पेंडीत जस्त असते, पण ते धान्यातच एका कुलपात बंद असते. डुकराच्या पोटाला ते कुलूप नीट उघडता येत नाही. म्हैस रवंथ करते, तिच्या पोटातले जंतू ते उघडतात. डुकराच्या पोटाची रचना तशी नाही. त्यात वरून कॅल्शियमचा मारा झाला की त्या कुलपाला दुसरे कुलूप बसते. जस्त पोटातून तसेच निघून जाते. मग कातडी जाड होते, फुटते, भूक मरते, वाढ थांबते. म्हशीची भुकटी हे एक कॅल्शियम, ती दुप्पट केली हे दुसरे, आणि चाटलेला चुना हे तिसरे. मका वाढवला म्हणजे सरपण तेवढे वाढले.

“म्हणजे आपण जेवढे आदेश पाळले,” मी म्हणालो.

“तेवढी पिलं आजारी पडली,” ती म्हणाली.

तिने फोटो काढून शेजारच्या जिल्ह्यातल्या पशुवैद्यक महाविद्यालयाच्या एका प्राध्यापकांना पाठवले. तिच्या शिक्षणाच्या वेळची ओळख. त्यांनी फोनवर विचारले, “खाजवतात का?” ती म्हणाली, “नाही सर, चाटतात.” ते म्हणाले, “मग आधी चुना खरवडा.” त्यांनी एक पिलू आणायला सांगितले. आम्ही ते पिकअपमधून नेले. कातडी खरवडून तपासली गेली. खरजेचा किडा सापडला नाही. त्यांनी डुकरांसाठीचे खनिज मिश्रण आणि जस्त किती द्यायचे ते लिहून दिले.

घरी आल्यावर म्हशीची पोती मी कुलपात ठेवली, पुरावा म्हणून. दोन मजूर बायका, सून आणि मी, आम्ही खराट्याने आणि खुरप्याने भिंत खरवडली. पत्नी पाणी घेऊन आली आणि म्हणाली, “सारं गाव चुना मारून राहिलं, हे बाप-लेकी काढून राहिले.” रस्त्यावरून जाणाऱ्या पारावरच्या त्या गृहस्थाने विचारले, “काका, साहेब गेले वाटतं?” मी म्हणालो, “साहेबांनी केलेलं घालवून राहिलो.” मका कमी केला, पेंडीचे माप नीट केले. भरडा आदल्या दिवशी ताक घालून भिजत ठेवायचा, म्हणजे थोडे कुलूप तिथेच सैल होते, असे सून म्हणाली. फरशीवर तिने ओढ्याकडचा स्वच्छ मुरूम पसरला. मुरूम सोंडेने उकरायला मिळाल्यावर पिलांनी जो गोंधळ घातला तो पाहून पत्नी पहिल्यांदा फळीवर रेलून उभी राहिली.

खपल्या भराभर सुटल्या. खालून गुलाबी कातडी आली. भूक परतली. संक्रांतीला तिळगूळ वाटून मी शेडवर गेलो तेव्हा माझ्या काठीच्या आवाजाला ती पुन्हा फळीपाशी गोळा झाली, आणि मला हे लिहायला संकोच वाटत नाही की मी त्यांच्याशी बराच वेळ बोलत उभा राहिलो.

म्हणजे प्रजासत्ताक दिनाच्या सकाळी, समाजमंदिरापुढच्या ओट्यावर ग्रामसेवकांनी भोंग्यातून ‘डुकरांना खरूज झाली आहे’ असे वाचले, तेव्हा त्या डुकरांच्या अंगावर एक खपली नव्हती. शेड ओट्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर होते. कोणीही उठून पाहू शकले असते. मी उठून म्हणालो, “आत्ता चला, सभा तहकूब करा, सगळे चला.” ग्रामसेवक म्हणाले, “काका, मी फक्त वाचतो. लिहिलंय त्याइनी.” सून बायकांच्या रांगेत बसली होती. झेंडावंदनासाठी नेसलेली पांढरी साडी होती तिची. ‘निष्काळजीपणामुळे’ हा शब्द भोंग्यातून आला आणि ओढ्यापर्यंत गेला. तिने पदर सारखा केला आणि शेवटपर्यंत बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी मी एसटीने वसमतला त्यांच्या कार्यालयात गेलो. अधिकारी बैठकीत होते. मग जेवायला गेले होते. मग आले. मी प्राध्यापकांचा अभिप्राय, किडा न सापडल्याचा दाखला, दोन्ही कप्प्यांचे आधीचे आणि नंतरचे फोटो, असे सर्व त्यांच्या टेबलावर ठेवले. त्यांनी चाळले आणि एका ओळीवर बोट ठेवले.

“इथं लिहिलंय, पुरवलेलं मिश्रण बंद केल्यावर जनावरं बरी झाली.”

“होय.”

“म्हणजे पुरवलेलं मिश्रण तुम्ही बंद केलं, हे तुम्ही कबूल करता.”

“ते म्हशीचं होतं.”

“ते वेगळं. सूचनेचं पालन झालं नाही, हे आता तुमच्याच कागदानं आलं. मग अहवालात चूक काय?”

उभ्या नोकरीत मी अनेक वकिलांना उलटतपासणी घेताना ऐकले. जखमी साक्षीदार बरा झाला म्हणून त्याच्यावरच गुन्हा दाखल करण्याची युक्ती मात्र कोणा वकिलाला सुचली नव्हती. सूचना पाळल्या तेव्हा जनावरे आजारी पडली, म्हणून आम्ही अस्वच्छ. सूचना मोडल्या तेव्हा ती बरी झाली, म्हणून आम्ही निष्काळजी. मी त्यांना विचारले, “साहेब, आम्ही नेमकं काय केलं असतं तर आम्ही काळजीवाले ठरलो असतो?” ते म्हणाले, “लेखी द्या.” मी लेखी दिले. त्यानंतर आलेल्या प्रत्येक उत्तरात एकच वाक्य आहे: आपला अर्ज योग्य त्या कार्यवाहीसाठी वर्ग करण्यात आला आहे. माझा अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर वर्ग होत राहतो. मागच्या दाराने शेतात पळण्याची ही सरकारी रीत आहे, एवढेच.

सून मला म्हणाली, “मामा, जाऊ द्या. डुकरं बरी झाली, मला तेवढं पुरे.” तिला तेवढे पुरे नाही हे मला माहीत आहे. ती अजून दळण दुसऱ्या गावच्या गिरणीवर नेते. बचत गटातल्या ज्या बायका शेड पाहायला येत, आपणही घालावे म्हणत, त्या आता रस्त्यावरूनच हात करतात. तिच्या कामात मुळात काही खोट नव्हती. उलट सर्वांनी खरूज म्हटले तेव्हा बादली पालथी घालून पाहत बसणारी ती एकटी होती. याला निष्काळजीपणा म्हणणारा शब्दकोश मला दाखवावा.

जयंतीच्या मिरवणुकीची तयारी चालू आहे, विहारात पोरे पताका लावत आहेत, आणि मी ओसरीवर बसून हे लिहितो आहे. महाराष्ट्र दिन जवळ आला. ग्रामपंचायतीने ओट्याला आत्ताच चुना मारायला सुरुवात केली आहे.

म्हणून माझी मागणी अशी आहे. ज्या अधिकाऱ्यांनी तो अहवाल लिहिला, त्यांनी महाराष्ट्र दिनाच्या ग्रामसभेला स्वतः यावे. आधी ओढ्याच्या वाटेने शेडवर यावे, जनावरांच्या अंगाला हात लावून पाहावे. बूट मी धुऊन देईन. मग त्याच ओट्यावर, त्याच भोंग्यापुढे उभे राहून गिरणीवरच्या त्या बाईला ऐकू जाईल अशा आवाजात सांगावे की दुभत्या जनावरांचे मिश्रण डुकरांना देण्याचा आदेश कोणाचा होता, ते दुप्पट करायला कोणी सांगितले, आणि ती खरूज नव्हती हे त्यांना केव्हा कळले. त्यानंतर ‘निष्काळजीपणा’ हा शब्द भोंग्यातून जसा उच्चारला गेला, तसाच भोंग्यातून मागे घ्यावा.

उत्तर लेखी नको. लेखी उत्तरे माझ्याकडे पुष्कळ आहेत.